ह. मु. सिकंदराबाद

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात यंदा कुणाची जात पडताळणी अडकलीय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी सुट्टीच्या दिवशी निवांत वाचली तरी चालेल.

आपल्या वाळूज परिसरातली कुठलीही लग्नपत्रिका उचला. खाली निमंत्रकाचं नाव, मग मूळ गाव, तालुका, जिल्हा आणि त्यानंतर दोन अक्षरं: ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम. ह. मु. बजाजनगर. ह. मु. रांजणगाव शेणपुंजी. ह. मु. वडगाव कोल्हाटी. १९८५ साली इथं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागं शेकडो छोटेमोठे कारखाने आले आणि बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाण्यापासून पार बिहारपर्यंतची माणसं इथं आली. चाळीस वर्षं झाली तरी पत्रिकेवर मूळ गाव आधी आणि बजाजनगर नंतर. या दोन अक्षरांची आपल्याला एवढी सवय झालीय की त्यांच्याकडं कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या एका उर्दू कागदानं मला त्यांचं मोल दाखवलं. त्याचीच ही गोष्ट.

आमचं घर सुतारांचं. माझ्या पुतणीला व्यावसायिक अभ्यासक्रमाला ओबीसीतून प्रवेश मिळाला. प्रवेशाच्या वेळी हमीपत्र लिहून दिलं, की मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र आणून देऊ. आम्हाला वाटलं, यात काय अवघड आहे? सगळं गाव ओळखतं. पण गाव ओळखतं हा पुरावा नसतो. त्रुटी निघाली. माझ्या वडिलांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहिलेलं. पुढं जात नाही. वर आडनावाच्या जागी 'मिस्त्री', आणि आज आम्ही लावतो ते आडनाव वेगळं. आता हा मिस्त्री म्हणजे तुमचाच माणूस कशावरून, आणि तो सुतार कशावरून? प्रश्न कायद्याला धरून होता. उत्तर आमच्याकडं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जातीच्या दाव्यासाठी तुमचे पूर्वज ठरावीक तारखेला महाराष्ट्रात कुठं राहत होते हे बघतात. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. कागद या तारखेच्या आधीचा हवा. तो जितका जुना तितकं त्याचं वजन जास्त. सर्वोच्च न्यायालयानंही २०११ च्या एका निकालात स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना जास्त वजन दिलंय.

मग जुना कागद कुठं शोधायचा? कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं: खासरा पत्रक काढा, पाहणी पत्रक बघा, जुना सातबारा बघा. मराठवाड्यात १९५० च्या दशकातलं खासरा पत्रक म्हणजे जणू कुंडलीच. पण त्यात नाव कुणाचं असणार? ज्याची जमीन त्याचं. आमची जमीनच नव्हती. आम्ही बलुतेदार. दुसऱ्याच्या नांगराला फाळ बसवून द्यायचा, तिफण-वखर दुरुस्त करायचा, गाडीचं चाक भरायचं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्याचं धान्य आणायचं. ज्या शेतातला प्रत्येक नांगर आमच्या हातचा, त्या शेताच्या एकाही कागदावर आमचं नाव नाही.

सरकारी दप्तर माणसाला जमिनीवरून ओळखतं. ज्याला जमीन नाही, आणि त्यातही जो पोटासाठी गाव सोडून गेला, त्याला शोधायचं कुठं? आमचे पणजोबा असे दोन्ही होते.

घरात त्यांना मोठे बाबा म्हणत. ते लालागुड्याला होते, एवढं आम्हाला लहानपणापासून ठाऊक. लालागुडा कुठं, तिथं ते काय करत, कधी गेले, काही पत्ता नाही. आमची आत्या ऐंशीच्या पुढं आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, "मोठे बाबा मानमोडीच्या सालात गेले बघ. खळ्यावर दाणाच नव्हता, मग बलुतं कशाचं?"

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्याच वर्षी पाऊसही गेला. देशभर त्या साथीत एक कोटीच्या वर माणसं मेली. बलुत्याची व्यवस्था कशी मोडते ते आत्याच्या त्या एका वाक्यात आलंय. शेतकऱ्याचं पीक बुडालं तर त्याच्याकडं निदान जमीन उरते, पुढच्या पावसाची आशा उरते. सुताराला मात्र त्या वर्षी कामही नाही आणि धान्यही नाही, कारण पेरणीच नाही तर तिफण कोण दुरुस्त करणार?

आत्याच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात वाकस, पटाशी, रंध्याचं पातं आणि खाली फडक्यात बांधलेले कागद. तीन गोष्टी कामाच्या निघाल्या. एक, पितळेचा बिल्ला, त्यावर नंबर. दोन, इंग्रजीतला नोकरीचा दाखला, त्यावर सुतार म्हणून काम आणि लालागुडा वर्कशॉप. तीन, मोडीत लिहिलेली एक लांबट वही.

लालागुडा सिकंदराबादला आहे. निजामाच्या रेल्वेचा डबे बांधायचा कारखाना तिथं १८९३ साली निघाला. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाईन झाली आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या पट्ट्याला हैदराबादचा रस्ता खुला झाला. तेव्हाचे डबे लाकडी, सागवानी. डबा बांधायला सुतार लागायचे आणि सुतार गावोगाव रिकामे बसलेले. बाभळीच्या चाकाला आरे बसवणारा माणूस रेल्वेच्या डब्याला खिडक्या बसवायला गेला.

जुन्या कागदांचं वय ओळखायची एक खूण इथं सांगून ठेवतो, कारण मराठवाड्यात रेल्वेत गेलेल्यांची घरं पुष्कळ आहेत. ही रेल्वे आधी इंग्रज कंपनीच्या ताब्यात होती, नाव 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे', म्हणजे एनजीएसआर. १९३० साली निजाम सरकारनं ती स्वतःकडं घेतली, मग नावातला 'गॅरंटीड' गेला आणि एनएसआर उरलं. त्यामुळं कागदाच्या माथ्यावर किंवा बिल्ल्यावर चार अक्षरं आहेत की तीन, एवढ्यावरून तो १९३० च्या अलीकडचा की पलीकडचा हे कळतं. आमच्या बिल्ल्यावर चार होती.

पण या इंग्रजी दाखल्यात जात नव्हती. हुद्दा कारपेंटर आणि पुढं हिंदू, संपलं. सुतारकाम करतो म्हणून तो जातीनं सुतार, असं पडताळणीत चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. धंदा कुणीही करतो.

राहिली वही. मोडी आमच्या घरात कुणाला येत नाही. १९५० च्या आसपास शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच आज्या-पणज्याचं अक्षर वाचायला परके झालो. शहरातल्या एका निवृत्त गुरुजींनी ती वाचून दिली. पैसे घेतले नाहीत, नाव लिहू नका म्हणाले.

वही हिशेबाची निघाली. दर दोन-तीन महिन्यांनी घरी पाठवलेल्या पैशांची नोंद: अमक्याच्या हस्ते रुपये इतके हाली, तमक्याच्या हस्ते रुपये इतके कलदार. नव्या पोरांना हे कळायचं नाही. हैदराबाद संस्थानचा रुपया वेगळा होता, त्याला हाली म्हणत. इंग्रजी रुपया तो कलदार. साधारण सहा कलदाराला सात हाली असा भाव. सिकंदराबादला इंग्रजांची छावणी, त्यामुळं तिथं कलदार चालायचा. घरी हाली आला की कलदार यावर महिन्याचं धान्य ठरायचं. म्हणून प्रत्येक आकड्यापुढं रुपयाची जात लिहिलेली आहे. रुपयाची जात सापडली, आमची नाही.

पण त्याच वहीत शके १८५५ च्या वैशाखात एक ओळ होती. गावी आलो असता अमक्या शिवारातल्या जमिनीच्या खरेदीवर साक्ष केली, असा मजकूर. पुढं खरेदी घेणाऱ्याचं नाव. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९३३ चा उन्हाळा. लग्नसराईत रजा घेऊन गावी आले असतील आणि कुणीतरी साक्षीला बोलावलं असेल.

त्या खरेदीदाराचं घर अजून नांदतंय. जाऊन भेटलो. घरातल्या म्हाताऱ्या काकांनी आधी संशयानं बघितलं. जमिनीचा जुना कागद मागायला कुणी आलं की छातीत धस्स होतंच. "काका, जमीन नको, फक्त साक्षीदाराची सही बघायचीय," असं सांगितल्यावर हसले आणि देवघराच्या मागून नळकांडं काढलं. आत खरेदीखताची नक्कल, पूर्ण उर्दू. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा ती होती. आम्ही चौघं त्या कागदाकडं बघत उभे. आमचे पणजोबा त्यात आहेत, पण कुठल्या ओळीत हे एकालाही सांगता येईना.

उर्दू शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांनी तो वाचला. तारीख खुर्दाद १३४२ फसली. फसली सनाचा हिशेबही लिहून ठेवा. हैदराबादचं फसली वर्ष ६ ऑक्टोबरला सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली नोंद असेल तर ५९० मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर ५९१. खुर्दाद म्हणजे एप्रिल-मे. १३४२ अधिक ५९१, बरोबर १९३३. वहीतला वैशाख आणि खतातला खुर्दाद एकमेकांना जुळले.

मग साक्षीदारांची ओळ आली. सरांनी बोट ठेवून सावकाश वाचलं: मोठ्या बाबांचं नाव, वल्द म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव, कौम सुतार, पेशा नज्जारी, साकिन वाळूज तालुका गंगापूर, हाल मुकीम सिकंदराबाद.

हाल मुकीम. हल्ली मुक्काम. आपलं ह. मु.

त्या कचेरीतल्या लेखनिकानं एका ओळीत सगळं उरकलं होतं. जात वेगळी, धंदा वेगळा. मूळ राहणं वेगळं, सध्याचं राहणं वेगळं. हा माणूस पोटासाठी सिकंदराबादला आहे, पण आहे वाळूजचा. आजच्या अर्जात आपण कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता भरतो, पण दोन्हीकडं एकच लिहून मोकळे होतो, कारण दोन लिहिले की दोन्हीकडचे पुरावे मागतात. नव्वद वर्षांपूर्वी त्या लेखनिकाला फिरत्या माणसाची नोंद नीट करता येत होती.

जमीन दुसऱ्याची, व्यवहार दुसऱ्याचा, भाषा तिसरीच, आणि त्यात आमचा माणूस साक्षीदार म्हणून सापडला. कारागिराची नोंद अशीच सापडते, दुसऱ्याच्या कागदात.

आणखी एक धागा होता, तोही ओढला. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडं पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात, गाववार आणि जातवार. आमच्या गावाची वही ज्यांच्याकडं आहे त्या गुरुजींनी लांबलचक चोपडी उलगडली. शके १८४१, म्हणजे १९१९ ची नोंद. मोठ्या बाबांची मोडीतली सही. वडिलांचं क्रियाकर्म करायला आलो, सोबत धाकट्या भावाचंही, अशी नोंद आणि गाव वाळूज, जात सुतार. मानमोडीनं एका वर्षात घरातले दोन कर्ते पुरुष नेले होते. आत्यालाही हे माहीत नव्हतं. आम्ही आजवर समजत होतो की मोठे बाबा शहराच्या ओढीनं गेले. त्र्यंबकच्या वहीनं सांगितलं की घरात कमावणारे ते एकटेच उरले होते.

पुढचं लवकर सांगतो. खरेदीखताची प्रमाणित प्रत काढली, भाषांतर जोडलं, वंशावळीचं शपथपत्र केलं, नामावळीचा उतारा पूरक म्हणून दिला. 'मिस्त्री' हे रेल्वेतून आलेल्या माणसाला गावानं दिलेलं नाव आणि ते शाळेत आडनाव म्हणून लागलं, हे जुन्या माणसांच्या जबाबात आलं. सुनावणी झाली. पुतणीचं प्रमाणपत्र मुदतीच्या आत आलं. पोरगी शिकतेय.

एवढ्यावर पोस्ट संपवता आली असती. पण खरा मुद्दा पुढं आहे.

मोठ्या बाबांना दोन मुलं. थोरला म्हणजे माझे आजोबा, ते वाळूजलाच राहिले. धाकटा बापाच्या मागं लालागुड्याला गेला, तिथंच वर्कशॉपला लागला, तिथंच संसार केला. मोठे बाबा म्हातारपणी गावी परत आले, धाकटा तिथंच राहिला. गेला तेव्हा तो परराज्यात गेला नव्हता, हे लक्षात घ्या. वाळूज निजामाचं आणि सिकंदराबादही निजामाचं. एकाच राज्यातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या गावाला गेला, जसा आज कुणी बीडहून वाळूजला येतो. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, तरीही हैदराबाद राज्य एकच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा इकडं आला, सिकंदराबाद आंध्र प्रदेशात गेलं. माणूस जागचा हलला नव्हता. सीमा त्याच्या आणि त्याच्या भावाच्या मधून गेली.

त्या धाकट्याचा नातू दहा वर्षांपूर्वी वाळूजला आला. इथल्याच एका कारखान्यात आहे, घरी मराठी बोलतो, पणजोबा आमचा आणि त्याचा एकच. त्याच उर्दू कागदावर त्याचाही तेवढाच हक्क. पण त्याच्या मुलाला महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला मिळायची वाट बंद आहे, कारण १३ ऑक्टोबर १९६७ ला त्याचे आजोबा आंध्र प्रदेशात राहत होते. एका राज्यातली मागास जात दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात हे तत्त्व सांगितलं. तेही आंध्रातून मुंबईत आलेल्या विद्यार्थ्याचंच प्रकरण होतं.

यात नियम करणाऱ्यांची बाजूही आहे, ती झाकून ठेवायची नाही. प्रत्येक राज्याची यादी त्या राज्यातल्या परिस्थितीवर ठरते. उद्या कुणीही कुठूनही येऊन इथल्या जागा घ्यायला लागला तर इथल्या गरिबाचं काय? आणि खोटे दाखले हा काल्पनिक प्रश्न नाही. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली, ती खोट्या दाव्यांमुळंच. पडताळणी हवीच. खऱ्या माणसाला तिचा त्रास होतो म्हणून ती काढून टाका, असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की जो माणूस राज्य ओलांडून गेला आणि ज्याच्यावरून राज्याची सीमा ओलांडून गेली, या दोघांत फरक करा. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जुन्या हैदराबाद राज्यातल्या राज्यात कामाला गेलेले आणि मूळ गाव मराठवाड्यात असल्याचा तेव्हाचा कागद असलेले, अशांचा वेगळा विचार व्हायला हवा. अशी घरं अगणित नसणार. पण लालागुड्याला, हैदराबादच्या गिरण्यांत, कचेऱ्यांत गेलेली मराठवाड्याची माणसं होती, आणि त्यांची नातवंडं आज वाळूज-चिकलठाण्यात कामाला परत येतायत.

दुसरा मुद्दा नोंदींचा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली दप्तरं उघडली. त्या वादात मला इथं पडायचं नाही, प्रत्येकाचं मत प्रत्येकापाशी. पण त्या निमित्तानं एक चांगलं झालं. कुठं कुठं नोंदी असू शकतात याची यादीच समोर आली. महसूल आणि शाळा तर झाल्याच, पण जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, दुय्यम निबंधकाकडचे दस्त, पोलिसांची जुनी रजिस्टरं, तुरुंगाची, उत्पादन शुल्काची, माजी सैनिकांची. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधली गेली. कागद स्कॅन झाले.

हे काम एका जातीच्या शोधापुरतं थांबू नये. पान स्कॅन करताना त्यावर कुणबी असो, सुतार असो, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, मांग, महार असो, पान एकच असतं. सगळं पान सगळ्यांसाठी खुलं करा. जमीनवाल्याला दुसरा पुरावा असतो, बिनजमिनीवाल्याला बहुतेक तेवढं एक पान असतं. ते वाळवीनं खाल्लं की त्याचा पूर्वज दुसऱ्यांदा मेला.

म्हणून आपल्या ग्रामपंचायतींकडं, पंचायत समितीकडं आणि आमदार-खासदारांकडं तीन मागण्या करूया:

१) १९६७ पूर्वीची शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं एकदाची पूर्ण स्कॅन करून गाववार उपलब्ध करावीत.

२) तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून ठरलेल्या दिवशी मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस मानधनावर बसवावा. आज ज्याची ओळख आहे त्याचा कागद वाचला जातो, ज्याची नाही तो दलालाच्या दारात जातो.

३) १९५६ च्या सीमेमुळं तुटलेल्या घरांचा प्रश्न विधिमंडळात मांडावा.

आता घरच्या घरी करायच्या गोष्टी. घरातली ट्रंक, पेटी, देवघरामागची नळकांडी उघडा. ज्या लिपीत वाचता येत नाही तो कागद रद्दीचा नसतो. जमीन नसेल तर ज्यांच्याकडं तुमचे पूर्वज काम करायचे त्यांच्या घरचे जुने दस्त बघा, साक्षीदारांच्या ओळी वाचून घ्या. आपलं गाव नाशिक-त्र्यंबकला कोणत्या गुरुजींकडं आहे ते विचारा. ती नोंद एकटीनं पुरेल असं नाही, पण शोधाची दिशा देते. हैदराबादकडं गेलेल्यांनी लक्षात ठेवा, निजाम सरकारच्या दप्तराचा मोठा साठा तारनाक्याला तेलंगणा राज्याच्या पुराभिलेखागारात आहे. घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर मोबाईलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा. तारखा नाही विचारायच्या. "तेव्हा काय झालं होतं?" एवढंच विचारायचं. मानमोडी, बहात्तरचा दुष्काळ, रझाकार, त्यावरून साल आपण काढू शकतो.

आणि शेवटचं, बजाजनगर-रांजणगावात भाड्यानं राहणाऱ्या माझ्या भावांनो, हे तुमच्यासाठी. आज तुम्ही ह. मु. आहात. घरमालक बदलतो, पत्ता बदलतो, मुलाची शाळा बदलते, आधारवर एक गाव, रेशनकार्डावर दुसरं. जिल्ह्याचं नावही बदललं, म्हणजे जुन्या कागदावर औरंगाबाद आणि नव्यावर छत्रपती संभाजीनगर असणारच आहे. पन्नास वर्षांनी तुमची नात तुम्हाला शोधायला निघेल तेव्हा तिच्या हाती काय लागेल? मुलाला शाळेत घालताना जातीचा रकाना पूर्ण भरलाय का, आजोबाचं नाव आणि मूळ गाव बरोबर लागलंय का, हे त्याच दिवशी उभं राहून बघा. गावाकडच्या दाखल्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा. लग्नपत्रिकासुद्धा एक-एक जपून ठेवा. सरकार तिला पुरावा मानेल न मानेल, पण कोण कुठला आणि कुठं जाऊन राबला, हे तिच्याइतकं सरळ आज दुसरा कुठला कागद सांगत नाही.

तुमच्या घरात लालागुड्याला, मनमाडला, परळच्या वर्कशॉपला किंवा आणखी कुठं गेलेलं कुणी असेल तर खाली लिहा. गाव आणि साल लिहा, माणसांची नावं नकोत. मोडी किंवा उर्दू वाचणारं कुणी मदतीला तयार असेल तर मला मेसेज करा, यादी करतोय. पोस्ट पुढं पाठवायला परवानगीची गरज नाही.